चिठ्ठी टाकून निवडणं ही लोकशाही का?

केळीवाला_रावेर: आमच्या वॉर्डात ग्रामपंचायतीला दोघांना सारखी मतं पडली, मग एका लहान पोराच्या हातून बरणीतली चिठ्ठी काढली अन् हरलेला भाऊ अजून पारावर बसून म्हणतो ही लोकशाही नाही जुगार आहे. ग्रीक लोक पण असंच करायचे म्हणे, खरंय का?

तापीकाठ: खरंय भो, अन् त्यांच्याकडे टाय झाल्यावर नाही, पहिल्यापासूनच. अथेन्सची ५०० जणांची कौन्सिल, दहा गटांतून ५०-५०, तिशीच्या पुढचे, सगळे सोडतीने, एका वर्षासाठी. अ‍ॅरिस्टॉटल तर 'पॉलिटिक्स'मधे सरळ लिहितो की पदं सोडतीने देणं लोकशाहीचं अन् निवडून देणं मूठभरांच्या राज्याचं समजतात. निवडणुकीत पैसेवाला, नाववाला पुढे जातो, चिठ्ठीला भरीत पार्टी देता येत नाही 😄

सातपुडा_७७: पण सॉक्रेटिस हसायचा ना यावर, जहाजाचा सुकाणूवाला कोणी चिठ्ठीने नेमतं का म्हणून. मला तर पटतं बुवा, मी ड्रिप बसवायला माणूस चिठ्ठी काढून आणत नाही.

तापीकाठ: म्हणूनच त्यांचे दहा सेनापती मात्र हात वर करून निवडायचे, लढाईत रिस्क नको. अन् बायका, गुलाम, बाहेरून येऊन राहिलेले, यांच्या नावाची चिठ्ठी मुळात टाकतच नव्हते, तेही लक्षात ठेवा.

केळीवाला_रावेर: पारावर सांगितलं. म्हणे मग सगळ्याच वॉर्डात टाका ना चिठ्ठी, मी एकटाच का.