चुकांची वही भरत चाललीय, चुका मात्र त्याच. वही ठेवायची तरी कशी?

बर्डीची_अभ्यासिका:
एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या) राज्यसेवा पूर्व परीक्षेची तयारी नागपुरातच सुरू आहे. प्रत्येक सराव पेपरनंतर चुकलेला प्रश्न वहीत उतरवायचा, खाली लाल पेनने बरोबर उत्तर, अशी पद्धत आहे. वही जाड होऊन राहिली, गुण जागचे हलत नाहीत. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. वहीत नेमकं काय लिहावं आणि ती कधी उघडावी? दुसरं, अधिकारी व्हायचंय हे पक्कं आहे, पण गुण अडकले की नुसत्या त्या इच्छेवर रोज बसवत नाही. यावर काय करता येतं? ‘सकारात्मक राहा’ सोडून सांगा भाऊ.

तर्री_वेगळी:
तुमच्या वहीत उत्तर आहे, चूक नाही. ‘काँग्रेसचा असहकाराचा ठराव प्रथम कोठे मंजूर झाला?’ याला नागपूर असं उत्तर दिलं, ते चुकलं, म्हणून लाल पेनने ‘कलकत्ता’ लिहिलं. पुढच्या पेपरात ‘नागपूर अधिवेशनाचे अध्यक्ष कोण?’ आलं की परत गाडी अडते. त्याऐवजी लिहा: ‘कलकत्ता आणि नागपूर एकमेकांत मिसळले, शिवाय प्रश्नातला “प्रथम” नजरेतून सुटला.’ म्हणजे चुका दोन, आणि उपायही दोन.

मिसळलेल्या गोष्टी कधीही सुट्या लिहू नका, जोडीने लिहा. कलकत्ता: सप्टेंबर १९२०, विशेष अधिवेशन, अध्यक्ष लाला लजपतराय, ठराव मंजूर. नागपूर: डिसेंबर १९२०, नियमित अधिवेशन, अध्यक्ष विजयराघवाचारियर, ठरावावर शिक्कामोर्तब. अकोला करार (ऑगस्ट १९४७) आणि नागपूर करार (सप्टेंबर १९५३) ही अशीच जोडी, दोन्ही विदर्भाला महाराष्ट्रात आणण्याबाबतचे. राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची विकास मंडळं, तर ३७१ (जे) मध्ये हैदराबाद-कर्नाटक. विदर्भातल्या मुलांचं घरचं म्हणून या भागाकडे दुर्लक्ष होतं, आणि नेमके इथेच गुण जातात.

समासात एक खूण करा: मा (माहितीच नव्हती), गों (गोंधळ), वा (वाचताना सुटलं), अं (अंदाज). ‘मा’ वहीत उतरवायचंच नाही, मूळ पुस्तकात त्या पानावर लिहायचं. वही फुगते ती यानेच. ‘वा’वर अभ्यास वाढवून काही होत नाही, सवय बदलावी लागते: ‘अयोग्य’, ‘फक्त’, ‘प्रथम’ या शब्दांना गोल करायचा आणि पर्यायांकडे बघण्याआधी प्रत्येक विधानासमोर बरोबर-चूक लिहायचं.

सगळ्यात जास्त सुटतं ते वेगळंच. पेपर सोडवताना ज्या उत्तराची खात्री नाही त्याला टिंब द्या. टिंब असूनही बरोबर आलेला प्रश्नही वहीत गेला पाहिजे, कारण तो नशिबाने आलाय. आणि हे त्याच संध्याकाळी उरका. दुसऱ्या दिवशी तो पर्याय का निवडला होता तेच आठवत नाही. दोन तासांच्या पेपरला तीन तास तपासणी धरून चाला.

वही उघडायची १, ३, ७ आणि २१ दिवसांनी. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मांडलं ते एवढंच की विसरणं सुरुवातीला सर्वात वेगाने होतं. नुसती वाचू नका. वाचताना सगळं येतंय असं वाटतं. उत्तरावर हात ठेवून सोडवा. लागोपाठ दोनदा बरोबर आलं की नोंद खोडा.

अर्धा_गुण:
‘अं’बद्दल थोडं. पेपर १ (सामान्य अध्ययन) मध्ये १०० प्रश्न, २०० गुण, चुकीला पाव हिस्सा म्हणजे अर्धा गुण वजा. दोन पर्यायांत अडकलेले २० प्रश्न धरा. १० बरोबर आले तर २० वजा ५, हाती १५. चारच आले तर ८ वजा ८, शून्य. म्हणजे चाराच्याही खाली घसरलात तरच तोटा. दोन पर्याय खात्रीने कटत असतील तर प्रश्न सोडणं हीच चूक, आणि ती कुणाच्याच वहीत नसते. युपीएससीत मात्र एक तृतीयांश कापतात. दोन्हीकडे बसणाऱ्यांनी हा हिशेब वेगळा ठेवावा.

सीसॅटला, म्हणजे पेपर २ ला (उतारे, गणित, बुद्धिमापन), ८० प्रश्न, २०० गुण, पात्रतेला ३३ टक्के म्हणजे ६६. ३२ बरोबर आणि २० चूक असले तरी ६७.५ होतात. तिथे घाईने सगळे ८० सोडवायची गरज नाही.

खस_आणि_कूलर:
गुण हलत नाहीत हे कशावरून ठरवलं? वेगवेगळ्या क्लासच्या सराव पेपरांची काठिण्यपातळी वेगळी असते. त्यांच्या गुणांची तुलना करून मन खट्टू करण्यात अर्थ नाही. आयोगाचे जुने पेपर घ्या आणि अंतिम उत्तरतालिकेवरूनच तपासा. पहिल्या तालिकेवर हरकती येतात, उत्तरं बदलतात, प्रश्न रद्द होतात. त्या पहिल्या तालिकेवरून तपासलं की नसलेली चूक वहीत जाते. मोजायचंच असेल तर दर पेपरला ‘वा’ किती, ते मोजा. तो आकडा सर्वात आधी खाली येतो.

इच्छेबद्दल. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल एटिंगन यांचं संशोधन असं सांगतं की यशाचं नुसतं चित्र रंगवल्याने जोर उलट कमी होतो. त्याच्या शेजारी अडथळाही मांडावा लागतो. एका कार्डावर वर लिहा काय व्हायचंय, पण पद नको, काम लिहा. तहसीलदार म्हणजे फेरफाराचे वाद, अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणुकीची धावपळ. हे काम करावंसं वाटतं का, ते आधी बघा. नुसती सरकारी गाडी असेल तर ती फार दिवस ओढत नाही. खाली आजचा अडथळा, आणि त्याला जर-तर: ‘जर दुपारी खोली तापून मोबाइल हातात आला, तर तो बंद करून दप्तरात आणि मी सीसॅटचा एक उतारा सोडवणार.’ मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा जड विषय पहाटेच. पण दुपार पूर्ण सोडूही नका, पेपर २ दुपारच्याच सत्रात असतो. कूलरसमोर डोळा लागतो हे मान्य.

कमाल वय खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे आयोग तुम्हाला लवकर थांबवणार नाही. थांबायची तारीख स्वतः लिहा, आणि गट-ब, गट-कचे अर्ज सोबत भरत राहा.

बर्डीची_अभ्यासिका:
आभार सगळ्यांचे. १-३-७-२१ मध्ये दर आठवड्याचे पेपर एकमेकांवर चढतात, त्याचं काय?

तर्री_वेगळी:
वही सोडा, पोस्टकार्डाएवढे कागद कापा, चार गठ्ठे करा: १, ३, ७ आणि २१ दिवसांचे. बरोबर आलं की कार्ड पुढच्या गठ्ठ्यात, चुकलं की थेट पहिल्यात. रोज फार तर ३० कार्डं, उरलेली उद्या. मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक उत्तरांच्या चुका यात घालू नका. तिथे मुद्दे सुटणं आणि वेळ कमी पडणं हे मोजावं लागतं, त्याला वेगळा कागद.