मदत हवी आहे : मागावर शिकलेल्या ज्ञानाची शाळेत नोंद कशी करावी?

नमस्कार. येवला तालुक्यातील आमच्या शाळेत पैठणी विणणाऱ्या कुटुंबांतील अनेक मुले आहेत. उभा ताणा, आडवा बाणा, नक्षीसाठी धाग्यांची मोजणी, रंगांची जुळणी हे सारे ती आईवडिलांशेजारी मागावर बसून शिकतात. वर्गात मात्र हीच मुले गणितात कच्ची ठरवली जातात, हे मला मनापासून खटकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचवले आहे. त्या दिवसांत विणकर पालकांनाच शिक्षक म्हणून बोलवावे, असा माझा विचार आहे. ज्यांनी असा उपक्रम राबवला आहे, त्यांनी परीक्षेचे ओझे न वाढवता या ज्ञानाची नोंद कशी ठेवली आणि मजुरी बुडवून येणाऱ्या कारागिरांच्या मानधनाची सोय कशी केली, हे कृपया सांगावे. नोंदपत्रकाचा नमुना मिळाल्यास फार उपयोग होईल.