ड्युअल कोर असून एकच कोर का राबतोय?

जुना_डबा:
मंडळी एक शंका. कपाटात पडलेला कोअर टू ड्युओ काढला, लिनक्स टाकलं, युनेम मायनस ए मारलं तर एसएमपी (एकाहून जास्त कोर वापरायची सोय) दिसतंय म्हणजे कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, ती सोय आहे, टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी आज्ञा) 1 दाबलं की दोन ओळीपण येतात म्हणजे दोन्ही कोर कळलेत. पण मेक (सोर्स कोड कंपाइल करायची आज्ञा) लावलं की एक कोर 100 टक्के आणि दुसरा निवांत, आणि मधेच अदलाबदल होते, पहिला झोपतो दुसरा राबतो. कर्नल अर्धं अर्धं वाटून का देत नाही?

कर्नलकाका:
अहो कर्नल थ्रेड (कामाचा एक सलग धागा) वाटतो, एक थ्रेड चिरून दोन नाही करत. नुसतं मेक म्हणजे एका वेळी एकच फाइल. दर फाइलला कंपायलरची नवी प्रोसेस निघते, तेव्हा शेड्युलर (कर्नलमधला काम वाटणारा भाग) बघतो कुठला कोर मोकळा आहे आणि तिकडे बसवतो, म्हणून ती अदलाबदल. चालू प्रोसेस मात्र तो उगाच हलवत नाही, कॅश गरम असते ना, म्हणजे त्या कोरजवळच्या वेगवान मेमरीत तिचा डेटा तयार असतो. मेक मायनस जे 2 देऊन बघा, म्हणजे एका वेळी दोन फाइल.

सेगफॉल्ट_पुणेकर:
आत्ता तरी सुखी आहात. 1996 ला लिनक्स 2.0 मध्ये एसएमपी आलं तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच कुलूप होतं, बिग कर्नल लॉक. चाळीतला सामाईक नळ समजा. घरात आपापलं काम दोघं करा, पण सिस्टिम कॉल करून कर्नलमध्ये शिरायचं तर एका वेळी एकच सीपीयू, दुसरा दाराशी नुसता लूपमध्ये फिरत उभा. मग हळूहळू प्रत्येक गोष्टीला वेगळं छोटं कुलूप करत गेले, 2.6 मध्ये दर कोरला स्वतःची रनक्यू (चालायला तयार कामांची रांग) आली, आणि ते मोठं कुलूप पूर्ण निघालं 2.6.39 ला, 2011 मध्ये. पंधरा वर्षं! फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनीही जायंट नावाचं असंच कुलूप सांभाळलंय, हसू नका.

जुना_डबा:
जे 2 दिलं, दोन्ही 100 वर 👍 40 मिनिटांचं काम 23 मध्ये. 20 का नाही पण?

कर्नलकाका:
शेवटचं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) एकटंच चालतं, शिवाय डिस्क आणि रॅम दोघांत एकच. 23 चांगलेच आहेत. फॅनमधली धूळ काढलीत का?

जुना_डबा:
नाही 😅 विमानासारखा आवाज येतोय.