मायक्रोसिस्टिन देऊनही हेपजी२ पेशी मरत नाहीत

पाषाणची_साय: मायक्रोसिस्टिन-एलआर (सायनोबॅक्टेरियांचं यकृतविष) १ मायक्रोमोलर, २४ तास, हेपजी२ (माणसाच्या यकृत-कर्करोगाच्या पेशी), एमटीटी (जिवंत पेशी मोजायची रंगचाचणी). जिवंत पेशी ९५ टक्क्यांखाली जायलाच तयार नाहीत. पाषाण तलावावरच्या हिरव्या सायीचा अर्क घातला की मात्र निम्म्या मरतात. स्टँडर्ड, म्हणजे विकतचं शुद्ध मायक्रोसिस्टिन, वाया गेलंय का? नवीन मागवायचं तर गाइडना कारण द्यावं लागेल.

यकृतवाले: स्टँडर्डवर एवढ्यात खापर फोडू नका. सात अमिनो आम्लांचं हे कडं, ९९५ डाल्टनचं. पटलातून आपसूक आत जात नाही, ओएटीपी१बी१ किंवा १बी३ हा वाहक लागतो. यकृतात ते मुबलक, म्हणून मार तिथेच बसतो. हेपजी२मध्ये जवळपास नसतातच. आत गेलं तर पीपी१ आणि पीपी२ए या फॉस्फेटेजना, म्हणजे प्रथिनांवरचं फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना, जखडतं. मग पेशीच्या सांगाड्यातल्या केराटिन ८ आणि १८ वर फॉस्फेट चढत जातं, सांगाडा ढासळतो, पेशीवर फुगे येतात. रॅटच्या ताज्या यकृतपेशींत हे फुगे तासा-दोन तासांत मायक्रोस्कोपखाली दिसतात, एमटीटी हलायच्या कितीतरी आधी.

ओकाडाइक आम्ल १०० नॅनोमोलर लावून बघा. तेही पीपी२ए अडवतं, पण त्याला वाहक लागत नाही. त्यानं हेपजी२ मेल्या, तर अडचण दारातच आहे.

काचेची_नळी: स्टँडर्ड तपासायचंच तर पेशी कशाला? पीपी२ए आणि पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट (पीपी२एनं तोडलं की पिवळं होतं) घ्या, ४०५ नॅनोमीटरला मोजा. विषाशिवायच्या वेलमध्ये (थाळीतल्या खळग्यात) पिवळा रंग यायलाच हवा. विषाच्या वेलमध्ये आला नाही तर माल शाबूत. पाण्यात पातळ केलेलं पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत ठेवलं असेल तर भिंतीला चिकटून कमी झालेलं असू शकतं. स्टॉक मिथेनॉलमध्ये, काचेत. पेशींवर मिथेनॉल ०.५ टक्क्याच्या आत, आणि तेवढ्याच मिथेनॉलचा कंट्रोल.

अर्कानं मरतात त्या बहुधा दुसऱ्याच कशानं तरी. सायीत हवं ते सापडतं! ओएटीपी१बी३ घातलेल्या आणि साध्या हेक२९३ (माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) शेजारी-शेजारी लावा. काहींना १५ मिनिटं आधी वाहक अडवणारं रिफॅम्पिसिन २० मायक्रोमोलर द्या. त्यानं पेशी वाचल्या तरच मायक्रोसिस्टिनचं नाव घ्या.

पाषाणची_साय: ताज्या यकृतपेशी दुसऱ्या दिवशी वापरल्या तर?

यकृतवाले: नको. थाळीत वाहक झपाट्यानं घटतात. चिकटल्या की त्याच दिवशी डोस, १० नॅनोमोलरपासून वर. तुमचा १ मायक्रोमोलर म्हणजे लिटरला जवळपास १००० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यात कायमच्या वापरासाठी डब्ल्यूएचओची मर्यादा १ आहे. उरलेलं द्रावण ऑटोक्लेव्हच्या भरवशावर सोडू नका, उष्णतेला ते दाद देत नाही. ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, मगच सिंकमध्ये.