मुलाच्या इसबाला होमिओपॅथी चालू केलीय, मलम खरंच बंद करायचं का?

खानापूरची आई
नमस्कार मंडळी. माझा धाकटा चार वर्षांचा. गुडघ्यामागं आणि कोपराच्या लवणीत इसब आहे, तान्हा होता तेव्हापासून. दिवाळी सरली की उफाळतंच. झोपेत इतकं खाजवतो की सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके दिसतात. बेळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम आणि मॉइश्चरायझर दिलं होतं, त्यानं उतरलंही. पण सासूबाई म्हणायल्या, मलमानं रोग आत दाबला जातो आणि पुढं दमा होतो. म्हणून होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी शांतपणे बसवून सगळं विचारलं, ग्रॅफायटिस 30 च्या गोळ्या दिल्या. अंगाला काहीच लावायचं नाही, आधी वाढेल मग मुळापासून जाईल, असं सांगितलं. आता मानेवर पण आलंय. अजून थांबू का?

चिकोडीहून
ताई, धीर धरा. माझ्या मुलीला सल्फरनं गुण आला. आधी वाढलं, मग उन्हाळ्यात साफ. आता नववीत आहे, परत कधी झालं नाही.

शहापूरचा औषधवाला
ताई, थांबू नका. डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि मॉइश्चरायझर आजच परत चालू करा आणि त्यांना एकदा दाखवून या. शहापुरात माझं औषधांचं दुकान आहे. असं मलम बंद करून अंग सोलवटलेली पोरं घेऊन आया काउंटरला येतात, तेव्हा पोटात कालवतं. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी सासूबाईंची भीती. इसब असलेल्या बऱ्याच मुलांना पुढं दमा किंवा सर्दी-शिंकांची ॲलर्जी होते, हे खरं आहे. पण ते मलमामुळं नाही. तिन्हीचं मूळ एकाच प्रकृतीत आहे. त्वचेचा थर कच्चा असतो, पाणी धरत नाही, बाहेरचं पटकन आत शिरतं. आत दाबलं जाण्यासारखं तिथं काही नसतं.

गोळ्यांचं म्हणाल तर ग्रॅफायटिस म्हणजे पेन्सिलीतलं काळं शिसं. 30 म्हणजे एकास शंभर असं तीस वेळा पातळ केलेलं. बाराव्या वेळेनंतरच मूळ पदार्थाचा कण उरण्याची आशा संपते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेनं पुष्कळ अभ्यास तपासून 2015 मध्ये अहवाल दिला. होमिओपॅथी गुणकारी आहे असा भरवशाचा पुरावा त्यांना एकाही आजारात मिळाला नाही. गोळ्या द्यायच्या तर द्या, मलमाच्या आड त्या येत नाहीत. नुकसान होतंय ते मलम थांबवल्यानं.

चिकोडीच्या ताई, तुमची लेक बरी झाली याचा मनापासून आनंद आहे. पण पुष्कळ मुलांचं इसब वाढत्या वयात आपसूक कमी होतं. शिवाय आपल्याकडं मार्गशीर्ष-पौषात कोरडी थंडी पडते, तेव्हा ते जोरात असतं, आणि आपण डॉक्टर गाठतो तेही तेव्हाच. फाल्गुन-चैत्रात उतरतं. मधे जे औषध चालू असेल त्याचं नाव होतं.

त्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी वेळ देऊन ऐकून घेतलं, ते फार मोलाचं आहे. रात्र-रात्र जागणाऱ्या आईला कुणीतरी विचारायला हवंच, आणि गर्दीच्या ओपीडीत ते होत नाही.

आता लावायचं कसं. बंबातलं कढत पाणी नको, कोमट घ्या. पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरका. डाळीचं पीठ, उटणं बंद. टॉवेलनं घासू नका, नुसतं टिपा, आणि अंग ओलसर आहे तोवरच मॉइश्चरायझर थापा. हात राखू नका, सगळ्या अंगाला लावायचं तर आठवड्याला पाव किलोसुद्धा लागतं. महाग पडत असेल तर साधं व्हॅसलीन चालतं. स्टिरॉइडचं मलम फक्त लाल चट्ट्यांवर. तुमच्या बोटाच्या शेंड्यापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा, तेवढं तुमच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. किती दिवस लावायचं ते डॉक्टर सांगतील तसं.

आणि एक कळकळीनं सांगतो. नाव नसलेली पुडी कुणी दिली आणि दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, तर लगेच सावध व्हा. तसल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. दुकानातून चिठ्ठीशिवाय गजकर्णाची ती तीन औषधं (त्यात एक स्टिरॉइडच) एकत्र असलेली ट्यूबही नेऊ नका. कुणी मागितली तरी मी देत नाही, गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

निपाणीकर वैनी
माझं हाताचं होतं, तंबाखू निवडताना. गोळ्या पुष्कळ खाल्ल्या. तो कामाचाच त्रास आहे हे डॉक्टरांनी ओळखलं, हातमोजे आले आणि भेगा भरल्या. पोराच्या अंगाला काय लागतंय ते पण बघा ताई.

खानापूरची आई
खूप आभार दादा. सासूबाईंना वाचून दाखवलं, मलम लावूया म्हणाल्या. थंडीत त्याला लोकरीचा स्वेटर घालते आणि घोंगडं पांघरते, त्यानं होत असेल का? आणि खोबरेल लावलं तर? मानेवर पिवळट खपली पण धरलीय.

शहापूरचा औषधवाला
लोकर अंगाला टोचते, त्यानं खाज वाढतेच. आत पूर्ण बाह्यांचा सुती बनियन घाला, घोंगड्याऐवजी जुन्या सुती लुगड्यांची वाकळ द्या. खोबरेल चालेल, मोहरीचं तेल नको. नखं बारीक ठेवा. पण मानेवरची पिवळी खपली म्हणजे जंतू शिरलेले असू शकतात, त्याला वेगळं औषध लागतं. उद्याच घेऊन जा. खर्चाची अडचण असेल तर बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, त्वचेचा विभाग आहे. ताप आला किंवा पाण्याचे बारीक फोड एकदम उठले, तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या.