पहिला रिपोर्ट एक, दुसरा भलताच: आईचा कॅन्सर बदलला की लॅब चुकली?

मेधा_रावपुरा

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. आई ६४ वर्षांची. आयुष्यात तंबाखू नाही, सिगारेट नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात खोकला हटेना म्हणून तपासण्या केल्या, तर उजव्या फुफ्फुसात गाठ आणि छातीत पाणी. बायोप्सीत ‘ॲडिनोकार्सिनोमा’, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर, आलं. मग जीन टेस्ट झाली, त्यात ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे जीनचा एक छोटा तुकडा गळालेला. डॉक्टर म्हणाले, यावर रोज एक गोळी पुरते, केमो सध्या नको. जेफिटिनिब सुरू झाली आणि खरंच सांगते, बघता बघता खोकला गेला. गणपतीत आईने स्वतः बसून उकडीचे मोदक केले. दांडिया बाजारातून चालत भाजी आणायला लागली.

या दिवाळीनंतर पुन्हा धाप लागायला लागली. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली, यकृतावर डाग. पुन्हा बायोप्सी केली, ती अहमदाबादला. रिपोर्ट आला ‘स्मॉल सेल कार्सिनोमा’, म्हणजे वेगळ्याच जातीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणतात, आता केमो.

घरात यावरून रोज वाद. दादा म्हणतो पहिली लॅब चुकली, वर्षभर चुकीचं औषध दिलं, केस करू. काकांना वाटतं नमुन्यांची अदलाबदल झाली. मावशीचं म्हणणं, गोळीनेच रोग बिघडवला. मला भांडायचं नाही, समजून घ्यायचंय. एकाच माणसाच्या एकाच गाठीची जात अशी बदलू शकते का?

पराग_मांजलपूर

मेधाताई, आमच्या ओळखीत एकदा लेबल बदलल्याचा प्रकार घडला होता. त्यामुळे आधी दोन्ही ठिकाणच्या स्लाइड मागवा आणि तिसरीकडे दाखवा. पेशीची जात बदलते असं मी तरी कधी ऐकलं नाही.

सुनंदा_कारेलीबाग

मेधा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आता निवृत्त, पण सगळी कारकीर्द बडोद्यातच मायक्रोस्कोपसमोर गेली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, बदलू शकते. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, आणि तू जे लिहिलं आहेस त्यावरून मला तीच शक्यता जास्त वाटते.

पराग म्हणतोय ते मात्र जरूर कर. नुसत्या स्लाइड नको, मेणाचे ब्लॉकसुद्धा माग. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेला असतो, लॅब तो वर्षानुवर्षं जपून ठेवते, आणि त्यातून पुन्हा नव्या चकत्या कापता येतात. दोन्ही वेळचे ब्लॉक एकाच अनुभवी पॅथॉलॉजिस्टने शेजारी शेजारी ठेवून बघणं यासारखं दुसरं काही नाही. अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट किंवा मुंबईचं टाटा, दोन्हीकडे बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासतात.

आता दिसतं काय ते सांगते. ॲडिनोकार्सिनोमाच्या पेशी ग्रंथीसारख्या रचनेत बसायला बघतात, त्यांना भरपूर पेशीद्रव असतं, कधी आत श्लेष्म दिसतो. स्मॉल सेलचं चित्र पार वेगळं. पेशीद्रव जवळजवळ नाहीच, केंद्रकं एकमेकांना दाबून वेडीवाकडी झालेली, आतलं क्रोमॅटिन (डीएनए असलेलं द्रव्य) बारीक कणीदार, आणि तुकडा काढतानाच पेशी चिरडलेल्या. त्यावर आयएचसी, म्हणजे ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी, केली की सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन असे चेतापेशींशी नातं सांगणारे मार्कर उजळतात. किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते दाखवणारा की-६७ खूप वर गेलेला असतो. तुकडा अगदी लहान असेल तर या दोघांत गल्लत होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या आईच्या बाबतीत एक फार मोठा साक्षीदार आहे, तो म्हणजे ती गोळी. पहिल्यापासून नुसता स्मॉल सेल असता तर जेफिटिनिबने असा उतार पडलाच नसता. खोकला गेला, बाई चालायला लागली, याचा अर्थ गोळीला धरायला ईजीएफआर होता आणि गाठ त्याच्यावरच जगत होती. दादाला हे नीट सांग. ते वर्ष चुकीच्या औषधात गेलेलं नाही.

तरी माझ्या म्हणण्यावर विसंबू नकोस, पडताळून बघ. दुसऱ्या बायोप्सीवर जीन टेस्ट केली असेल तर तो रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत वाच. त्यात तेच एक्झॉन १९ डिलीशन आहे का? कधीही धूम्रपान न केलेल्या बाईला अचानक स्वतंत्रपणे स्मॉल सेल व्हावा आणि त्यातही नेमकं तेच डिलीशन असावं, हे जवळपास अशक्य. ते सापडलं तर नमुना आईचाच आणि पेशीही त्याच वंशातल्या. आपण बडोद्याचे मराठी लोक गायकवाडांच्या काळापासून इथे आहोत. कित्येक घरांत आज सगळं बोलणं गुजरातीत चालतं, पण आडनाव साताऱ्या-पुण्याकडचंच राहिलंय. ते डिलीशन म्हणजे आडनाव समज.

हे काही कुठलं दुर्मीळ कोडं नाही. २०११ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी ईजीएफआरच्या गोळ्यांना दाद देणं थांबलेल्या ३७ रुग्णांच्या पुन्हा बायोप्सी केल्याचं प्रसिद्ध केलं. जवळजवळ निम्म्यांत टी७९०एम हा नवा बदल सापडला. आणि ५ जणांत गाठ स्मॉल सेल झालेली होती, त्या पाचही जणांत मूळचा ईजीएफआरचा बदल जागच्या जागी. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण त्याहून कमी आलं, पण प्रकार खरा आहे.

मेधा_रावपुरा

सुनंदाताई, तुमचं उत्तर वाचून लगेच फाइल काढली. तिसऱ्या पानावर खाली आहे: एक्झॉन १९ डिलीशन सापडलं. टी७९०एम नाही. शिवाय टीपी५३ आणि आरबी१ या दोन जीन्समध्येही दोष लिहिलाय. म्हणजे नमुना आईचाच. दादाला दाखवलं, तो बराच वेळ वाचत बसला होता.

पण मग मावशीचं खरं का? गोळी दिली नसती तर हे झालं नसतं?

सुनंदा_कारेलीबाग

मावशींना वाटतं ते साहजिक आहे, मी कितीतरी घरांतून ते ऐकलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाठ म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींचा गोळा, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. एक सेंटिमीटरच्या गाठीतसुद्धा दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल करताना चुका होतात, आणि कॅन्सरच्या पेशीत चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बहुधा आधीच ढिली पडलेली असते. म्हणजे निदान होतं त्या दिवशीच गाठीत अनेक उपकुळं नांदत असतात. काही जोरात वाढणारी, काही मागे पडलेली. १९७६ साली पीटर नॉवेल या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने हेच मांडलं होतं: गाठ एका पेशीपासून सुरू होते, पण पुढे तिच्यात बदल आणि निवड असा क्रम चालू राहतो. मायक्रोस्कोपखाली आपल्याला त्यातला एकच क्षण दिसतो. बायोप्सीचा तुकडा म्हणजे तर त्या एका क्षणाचा एकच कोपरा.

गोळी आली की ईजीएफआरवर जगणाऱ्या पेशी मरतात, गाठ आकसते. ज्यांचं त्यावाचून चालतं त्या उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. टी७९०एम असलेल्या पेशीत ईजीएफआरच्या प्रथिनात ७९० व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने जेफिटिनिबची पकड सुटते. त्या रुग्णांसाठी ऑसिमर्टिनिब आहे. तिच्यावरही पुढे पेशी वाट काढतात, ही गोळी प्रथिनाच्या ज्या ७९७ व्या जागेला चिकटते तीच जागा बदलून.

आईच्या गाठीने वेगळा मार्ग घेतला. टीपी५३ हे डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं जीन. आरबी१ हे विभाजनाला सुरुवात करण्याआधी पेशीला अडवणारं. दोन्ही निकामी झाली की पेशी आपलं मूळ रूपही सोडू शकते: ग्रंथीच्या पेशीचे गुण टाकते आणि चेतापेशींशी मिळतेजुळते गुण उचलते. अशा पेशीच्या डीएनएमध्ये ईजीएफआरचा बदल कायम असतो, पण ती ते प्रथिन जवळजवळ बनवतच नाही. मग गोळी धरणार कशाला?

आता मावशींचा मुद्दा. कोरियातल्या संशोधकांनी अशाच रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांतलं डीएनए ताडून पाहिलं आणि २०१७ साली प्रसिद्ध केलं. स्मॉल सेलकडे जाणारी फांदी मूळ गाठीतून फार लवकर, गोळी सुरू होण्याच्याही आधी फुटलेली आढळली. टीपी५३ आणि आरबी१ दोन्ही निकामी असल्याच्या खुणा पहिल्या ॲडिनोकार्सिनोमाच्या नमुन्यांतच होत्या. म्हणजे ती शक्यता आधीपासून दबा धरून होती. गोळीने इतरांना मारलं, त्यामुळे हिला वाव मिळाला, हे खरं. पण गोळी दिली नसती तर जोरात वाढणाऱ्या पहिल्या पेशींनीच आईला तेव्हाच गाठलं असतं. तुमच्या घरी ते मोदक झाले ते गोळीमुळे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, मला ती फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक बदल डीएनएमधलाच असतो असं नाही. औषधाच्या पहिल्या माऱ्यात काही पेशी जीनमध्ये काहीच न बदलता नुसत्या मंद होतात, विभाजन थांबवतात आणि तग धरतात. २०१० साली प्रयोगशाळेतल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरपेशींवर हे दाखवलं गेलं. औषध काढून घेतल्यावर त्या पुन्हा वाढल्या आणि पुन्हा औषधाला दाद देऊ लागल्या. बॉस्टनच्या त्याच अभ्यासातही ज्यांच्या नंतर पुन्हा बायोप्सी झाल्या, अशा काही जणांत गोळी बंद असताना प्रतिकाराचा पुरावा नाहीसा झालेला दिसला. म्हणून मी तरुण डॉक्टरांना नेहमी सांगत आले: औषध थकलं की जुन्या रिपोर्टवर पुढचा निर्णय घेऊ नका, पुन्हा तुकडा बघा. तुमच्या डॉक्टरांनी तो आग्रह धरला, हे त्यांनी फार चांगलं केलं.

पराग_मांजलपूर

सुनंदाताई, मी वर घाईने लिहिलं होतं, आता नवीन कळलं. एक विचारतो. हे पेशींचं बदलणं औषध सुरू झाल्यावरच दिसतं का? माझा मेहुणा रोज मावा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो, त्याच्या गालात पांढरा चट्टा आहे.

दातांचा_डॉक्टर_वाघोडिया_रोड

परागभाऊ, मेहुण्याला याच आठवड्यात दाखवा, माझ्याकडेच असं नाही, कुठल्याही दंतवैद्याकडे किंवा घशाच्या डॉक्टरकडे.

मी रोज जे बघतो ते सांगतो. सुपारीतले घटक गालाच्या आतल्या पेशींना सतत चेतवत राहतात, खालच्या थरात तंतू साठतात, आणि गाल कडक होतो. तोंड हळूहळू उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि तो कॅन्सर नव्हे. वरच्या आवरणाच्या पेशीही त्रासाला तोंड देताना जाड होतात, वर केराटिनचा थर चढवतात, म्हणून पांढरं दिसतं. इथपर्यंत पेशी स्वतःला वाचवतेच आहे. पुढे त्यांची मांडणी बिघडते, केंद्रकं मोठी आणि काळपट होतात, हे डिस्प्लेसिया. आणि बिघडलेल्या पेशी खालचा पडदा फोडून आत शिरल्या की कॅन्सर. सगळे चट्टे तिथवर जात नाहीत, पण कुठला जाईल हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, तुकडा काढावाच लागतो.

१९५३ मध्ये स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरभोवतीचा, साधा दिसणारा भाग तपासला तर तिथल्याही पेशी बदललेल्या निघाल्या. मावा एका गालात धरला तरी रस सगळीकडे फिरतो. म्हणून चट्टा काढला आणि मावा चालूच ठेवला, याला अर्थ नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या पहिल्याच गटात, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्यांत आहे. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ असं सांगणारे रोज भेटतात.

मेधा_रावपुरा

सगळ्यांचे आभार. केसचा विषय दादाने स्वतःच थांबवला. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. सुनंदाताई, काय काय विचारू?

सुनंदा_कारेलीबाग

तीन गोष्टी विचार. पहिली, मेंदूचा एमआरआय झालाय का? स्मॉल सेल मेंदूत लवकर जातो, तेव्हा नसेल झाला तर आधी तो. दुसरी, केमोत प्लॅटिनम आणि इटोपोसाइड ही औषधं आहेत का? अशा बदललेल्या गाठीवर सहसा तेच देतात. उतार बऱ्याच जणांना लवकर पडतो, पण तो फार काळ टिकेलच असं नाही, म्हणून पुढच्या स्कॅनची तारीख आताच ठरवून घे. तिसरी, ईजीएफआरची गोळी पूर्ण बंद करायची की केमोबरोबर चालू ठेवायची? यकृतातल्या गाठी स्मॉल सेल झाल्या असल्या तरी फुफ्फुसात जुन्या रूपातल्या पेशी अजून असू शकतात, त्यांना धाकात ठेवायला काही डॉक्टर गोळी चालू ठेवतात. तो निर्णय आईची तब्येत आणि रक्ताचे रिपोर्ट बघून तेच घेतील, तू फक्त विचार.

आणि पहिल्या लॅबकडून ब्लॉक आणशील तेव्हा ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी तिथेच, खिडकीवरच जुळवून बघ. उन्हात गाडीत ठेवू नकोस, मेण वितळतं.