गावकऱ्यांना मदतीची किंमत नाही?

ठाण्यातून पाठवलेल्या साड्या महाडकडच्या गावकऱ्यांनी रस्त्याकडेला टाकून दिल्या, म्हणून त्यांना मदतीची किंमत नाही, असा सूर काही जण लावतात. जुलै २०२१च्या पुरानंतर नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा टेम्पो घेऊन मीही सावित्रीकाठच्या एका गावी गेलो होतो. आमच्याआधी तीन गाड्या येऊन गेल्याने शाळेच्या पडवीत कपड्यांचा ढीग छातीएवढा झाला होता, आणि वर पडलेल्या ब्लाउजना धड हूकही नव्हते. एका आजींनी चहा देऊन विचारले, “घमेली-फावडी आणलीत का?” त्यांच्या घरात गुडघाभर गाळ होता आणि आमच्याकडे एकही फावडे नव्हते.

गावाची गरज न ओळखता केलेली मदत मोठ्या पुनर्वसनातही अशीच चुकते. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी (जि. लातूर) भूकंपानंतर ५२ गावांचे स्थलांतर झाले. नव्या वसाहतींचे सरळ, रुंद रस्ते नकाशावर देखणे दिसले, परंतु भिंतीला भिंत लावून राहिलेल्यांचा शेजार त्यात विस्कटला. याउलट, जेथे घरमालकाच्या हाती पैसा देऊन जागेवरच दुरुस्ती करायची होती, तेथे गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमून योजनेची माहिती घरोघरी पोचवली गेली. संस्था आणि गाव यांच्यातला हा दुवा मला साड्यांच्या गठ्ठ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आमचे गठ्ठे मात्र आम्ही तेथेच उतरवले, कारण भरलेला टेम्पो परत आणला असे वर्गणीदारांना सांगण्याची आमची हिंमत नव्हती.